साखरपुड्याला नऊ आठवडे, गिटार नवी आणि एक गाणं म्हणायचंय

गिटार घेऊन दोन महिने झाले, रोजचं जाणंयेणं हिंजवडीला, एफ कॉर्ड काही केल्या वाजत नाही, बोटांची टोकं दुखतात. आणि नऊ आठवड्यांनी कर्वेनगरच्या एका कार्यालयात तुमचा साखरपुडा आहे. तिथे होणाऱ्या बायकोसाठी एखादं प्रेमाचं गाणं गिटार वाजवत म्हणायचं मनात आहे. तर सर्वांत सोपं गाणं कोणतं आणि रोज सराव काय करायचा, असं तुम्ही विचारलंय.

नऊ आठवडे पुरतात. अठरा वर्षं मी कोथरूडला घरीच गिटार शिकवतोय. साखरपुडा, लग्न, आईबाबांच्या लग्नाची पंचविशी अशी एखादी तारीख डोळ्यांपुढे ठेवून येणारे विद्यार्थी दरवर्षी असतातच, आणि त्यातले बहुतेक जण ठरल्या दिवशी नीट वाजवतात. जे अडकतात, त्यांचं अडतं ते एक तर गाणं त्यांच्या पट्टीत नसतं म्हणून, नाहीतर कॉर्ड बदलताना उजवा हात थांबतो म्हणून. त्यामुळे 'सर्वांत कमी कॉर्डचं गाणं कोणतं' इथून सुरुवात करू नका. आधी गळा, मग उजवा हात, कॉर्ड त्यांच्यामागून.

गळ्याचं आधी सांगतो, कारण हे मला वेळेवर कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात असताना कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर मी गाणं म्हणायला बसलो. कॉर्ड छापील पुस्तकातून जशाच्या तशा घेतलेल्या, हात चांगला बसलेला. मुखडा छान झाला. अंतऱ्याला आवाज वर जाईना, म्हणून खालच्या सप्तकात उतरलो, तर तिथे तो कोणाला ऐकू जाईना. तिसऱ्या ओळीला मी गाणं सोडून दिलं. महिनाभर बोटांवर मेहनत घेतली होती. गळ्याला काय झेपतं ते एकदाही पाहिलं नव्हतं.

तुमच्या घरात, नाहीतर नात्यात कोणाकडे तरी पेटी असेल. नसेल तर मोबाइलवरचं पियानोचं ॲप चालेल. गाण्यातली सर्वांत उंच जागा कोणती ते शोधा, बहुधा ती अंतऱ्यात सापडते. ती जागा बसून, सहज, मान न ताणता म्हणून बघा. लागली तर त्या वेळी तुमचा सा कुठे होता तो पेटीवर धरा. गिटारवर जी, ई मायनर, सी, डी हे आकार वाजवले की सा पांढरी पाचवर, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर बसतो. पहिल्या पडद्यावर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा लावला की तोच सा काळी चार, दुसऱ्यावर पांढरी सहा. सीच्या आकारांनी वाजवलं तर कॅपोशिवाय पांढरी एक, पहिल्या पडद्यावर काळी एक, दुसऱ्यावर पांढरी दोन, तिसऱ्यावर काळी दोन, चौथ्यावर पांढरी तीन, पाचव्यावर पांढरी चार. एवढं कोष्टक वहीत लिहून ठेवा, जन्मभर उपयोगी पडेल. कॅपो पट्टी फक्त वर नेतो, खाली नाही. म्हणजे जीमध्ये गाणं उंच जात असेल तर सीचे आकार घ्यायचे आणि कॅपो चौथ्या-पाचव्या पडद्यावर लावायचा, की सा दीड ते एक स्वर खाली येतो. आणि घरी जी पट्टी अगदी काठोकाठ जमते, तिच्यापेक्षा अर्धा स्वर खालची पट्टी कार्यक्रमासाठी ठरवा. पाहुण्यांसमोर घसा कोरडा पडतो. तेव्हा हा अर्धा स्वर हाताशी लागतो.

आता उजवा हात. आपल्याकडे तबला कानावर पडलेला असतो, त्याचा इथे फार फायदा होतो. डाव्या हाताचा तळवा सगळ्या तारांवर हलकेच ठेवा, म्हणजे नुसता 'चक् चक्' आवाज येईल. तोंडाने केरवा म्हणा: धा गे ना ती न क धी न. उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा चालू द्या; धा खाली, गे वर, ना खाली, ती वर, न खाली, क वर, धी खाली, न वर. आठ मात्रांत हात आठ वेळा हलला पाहिजे. हे जमलं की त्यातल्या दोन मात्रांना पिक (तारा छेडायची चकती) तारांना लावायचाच नाही: दुसरी म्हणजे 'गे' आणि पाचवी म्हणजे मधला 'न'. हात तेव्हाही हलतो, फक्त हवेतून जातो. जे ऐकू येतं ते 'खाली, खाली-वर, वर-खाली-वर'. निम्म्याहून अधिक सोपी गाणी या एका ठेक्यावर निघतात. नवशिक्या पाचव्या मात्रेला हात हवेत थांबवतो आणि पुढचा 'वर' मारायला उशीर करतो. थांबायचं नाही. तारेला लागो न लागो, हात खाली गेलाच पाहिजे.

माझ्याकडे एक मुलगी येते, बँकेत नोकरी करते. तीन आठवडे तिचा ठेका दर ओळीच्या शेवटी तुटायचा, आणि ती म्हणायची, डी लागत नाही. मी तिला डी सोडून द्यायला सांगितली. कॉर्ड बदलायची वेळ आली की डावा हात सरळ उचलायचा, उजवा मोकळ्या तारांवर चालू ठेवायचा, डी बसेल तेव्हा बसेल. पहिल्या दिवशी मोकळ्या तारा दोन मात्रा वाजल्या. आठवड्याभराने अर्धी मात्रा. मग ती मोकळी तार ऐकूच येईना. खरं तर अनुभवी वादकही कॉर्ड बदलताना शेवटचा 'वर' मोकळ्या तारांवरच मारतात, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. ठेका तुटलेला मात्र ज्याला गाण्यातलं काही कळत नाही त्यालाही जाणवतो.

कॉर्ड आता घ्या. तुमच्याकडे वेळ कमी आहे, म्हणून मी वर्गात देतो ती मांडणी देतो. तारा बारीकपासून मोजायच्या, सर्वांत बारीक ती पहिली. अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या पडद्यात आणि करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या पडद्यात ठेवा. ही दोन बोटं आता तिथेच राहणार. मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्यात आणि तर्जनी पाचवीवर दुसऱ्यात गेली की जी. तीच दोन बोटं एकेक तार आत सरकवा, मधलं पाचवीवर तिसऱ्यात, तर्जनी चौथीवर दुसऱ्यात, की सी ॲड नाईन. साध्या सीच्या जागी हीच वाजवा, कानाला जास्त गोड लागते. दोन्ही बोटं दुसऱ्या पडद्यात पाचवी-चौथीवर शेजारी शेजारी ठेवली की ई मायनर सेव्हन. डीला करंगळी उचलायची, तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्यात, मधलं पहिल्या तारेवर दुसऱ्यात, आणि अनामिका जिथे आहे तिथेच. चार कॉर्ड झाल्या आणि एक बोट जागचं हललं नाही. ज्यांना कॉर्ड बदलताना दर वेळी सगळा हात उचलायची सवय लागली आहे, त्यांना हा बदल पहिल्या दिवशीच कळतो.

एफचं दुखणं इतक्यात काढूच नका. आडवं बोट दाबून सगळ्या तारा वाजवायला मनगटात आणि अंगठ्यात जी ताकद लागते, ती यायला बहुतेकांना काही महिने जातात. तोवर एफ मेजर सेव्हन वाजवा. साध्या सीमधून तर्जनी न हलवता अनामिका पाचवीवरून चौथीवर आणि मधलं बोट चौथीवरून तिसरीवर आणा, पडदे तेच. जाड दोन तारा वाजवायच्या नाहीत, पहिली मोकळी सोडायची. प्रेमाच्या गाण्याला ही कॉर्ड खऱ्या एफपेक्षाही शोभते असं माझं मत आहे, मला एफ नीट येत असूनही मी अनेकदा हीच वाजवतो.

रोज वाजवलं तर बोटं दुखणं तीन-चार आठवड्यांत कमी होतं, टोकांना घट्टे पडले की. पण निम्मं दुखणं चुकीच्या जागी दाबल्यामुळे असतं. पडद्याच्या पट्टीला अगदी चिकटून, तिच्या अलीकडे दाबा. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबलं तर जास्त जोर लागतो आणि तरी तार झणझणते. आणि गिटारच्या तारा फार उंच असतील तर कोणाचीच बोटं टिकत नाहीत. बाराव्या पडद्यावर जाड तार आणि पडद्याची पट्टी यांतलं अंतर मोजा. दोन-अडीच मिलिमीटर असेल तर ठीक. त्याहून बरंच जास्त असेल तर पेठेत किंवा कॅम्पात वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊन सेटअप करून घ्या. तारा दहा नंबरच्या, म्हणजे पहिली तार ०.०१० इंचाची असलेल्या संचाच्या, टाकायला सांगा. आवाज थोडा बारीक होतो, पण सुरुवातीला हात सुखी राहतो.

आता गाणी. एकच निवडा. माझी पहिली पसंती 'स्टँड बाय मी'ला, बेन ई. किंग यांचं १९६१ सालचं. कारण त्यात मुखडा आणि अंतरा यांच्या कॉर्ड वेगळ्या नाहीतच. आठ मापांचं (माप म्हणजे वरच्या ठेक्याचं एक आवर्तन) एकच चक्र पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरतं. दोन मापं जी, दोन ई मायनर, एक सी, एक डी, पुन्हा दोन जी. दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावलात तर मूळ गाण्याचीच पट्टी मिळते, पांढरी सहा. गाताना शब्द विसरलात तरी हाताला पुढे काय ते ठाऊक असतं.

एड शीरन यांचं २०१७ मधलं 'परफेक्ट' हल्ली सगळ्यांनाच हवं असतं, आणि ते खरोखर सोपं आहे: कडव्याला जी, ई मायनर, सी, डी, ध्रुवपदाला त्याच कॉर्ड ई मायनर, सी, जी, डी अशा क्रमाने. मूळ पट्टी हवी असेल तर कॅपो पहिल्या पडद्यावर. पण त्याला केरवा चालत नाही. ते सहा मात्रांचं आहे, आपल्या दादऱ्याच्या चालीचं. 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह'सुद्धा तसंच. एल्विस प्रेस्लींनी ते १९६१ मध्ये गायलं, आणि त्याची चाल अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच प्रेमगीतावरून घेतलेली आहे. सी, ई मायनर, ए मायनर, एफ, सी, जी अशी पहिली ओळ जाते. मधला तुकडा येतो तिथे बी सेव्हन लागते. तो तुकडा सरळ गाळा, ऐकणारे त्यासाठी अडून बसत नाहीत. दादऱ्याच्या गाण्यांना पिक बाजूला ठेवा. अंगठ्याने कॉर्डची जाड तार, मग तर्जनी तिसरी, मधलं दुसरी, अनामिका पहिली, परत मधलं दुसरी, तर्जनी तिसरी. धा धी ना धा ती ना, सहा मात्रांना सहा आघात. संथ वाजवलं की कार्यालयातला गलका आपोआप खाली येतो.

हिंदीत म्हणायचं असेल तर 'पहला नशा' घ्या. 'जो जीता वही सिकंदर' हा चित्रपट १९९२चा, संगीत जतिन-ललित यांचं. मुखडा जी, ई मायनर, सी, डी या चार कॉर्डांत निभावतो आणि लय इतकी संथ आहे की कॉर्ड बदलायला पुरेसा वेळ मिळतो. अंतरा जमला नाही तर मुखडा दोनदा म्हणून संपवा. 'चुरा लिया है तुमने' मात्र आत्ता नको. १९७३च्या 'यादों की बारात'मधली ती सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली आहे, आणि प्रत्येक नवशिक्या त्या तुकड्यावर महिना घालवतो. मग गाणं तसंच राहतं.

मराठी गाणं म्हणालात तर मला मनापासून आनंद होईल, कारण त्या दिवशी दोन्हीकडच्या आज्या-मावश्या समोर बसलेल्या असणार. 'मुंबई-पुणे-मुंबई'तलं 'कधी तू', नाहीतर 'टाइमपास'मधलं 'मला वेड लागले प्रेमाचे', ही सगळ्यांच्या ओठांवरची. तुमचा आवाज अडखळला तर समोरचे उचलून धरतात. यांच्या कॉर्ड कुठून तरी उतरवून घेण्यापेक्षा स्वतः लावा. गाण्याचा सा ठरवा. गंधार (ग) शुद्ध असेल तर सा, म आणि प यांवर मेजर कॉर्ड, ध वर मायनर. जीमध्ये त्या जी, सी, डी आणि ई मायनर, म्हणजे वर शिकलात त्याच. गंधार कोमल असेल तर ई मायनरला सा माना आणि बाकीच्या त्याच तीन कॉर्ड फिरवून बघा. ओळ संपताना घरी आल्यासारखं वाटलं की सा ची कॉर्ड. लोंबकळल्यासारखं वाटलं तर बहुधा प ची. चारांतली एकही बसली नाही अशी जागा आली तरच नवी कॉर्ड शोधा. यात एक रविवार जाईल, पण कान तयार होईल.

'शुक्रतारा मंद वारा' म्हणावं असं तुमच्या मनात असेल, आणि पुण्यात साखरपुडा म्हटल्यावर ते कोणाच्या तरी मनात येतंच, तर थोडं सांभाळून. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज. त्या चालीत स्वर एकमेकांत वळत जातात. जोरात झोडपलेल्या कॉर्ड त्यांच्या आड येतात. ते गायचं तर गिटारवर फक्त सा आणि प हलकेच छेडत राहा, तानपुऱ्यासारखं, आणि गाणं गळ्यावर सोडा. गळा तयार असेल तर याहून सुंदर काही नाही. तयार नसेल तर ते ताईला किंवा मामाला म्हणू द्या.

सरावाचं वेळापत्रक. हिंजवडीहून दमून आल्यावर तासभर वाजवण्याचा बेत चार दिवसांत मोडतो. सकाळी निघण्याआधी पंधरा मिनिटं आणि रात्री जेवणानंतर पंधरा, एवढं मागतो मी, पण रोज. गिटार कपाटात ठेवू नका, दिसेल अशी भिंतीशी उभी ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत गाणं नाहीच. सकाळी बंद तारांवर केरवा किंवा दादरा, रात्री कॉर्डच्या जोड्या. मोबाइलवर साठ सेकंद लावा आणि जी ते सी ॲड नाईन किती वेळा बदलता ते मोजा, मग सी ॲड नाईन ते डी, मग डी ते जी. आकडा तारखेसह वहीत लिहा. मिनिटाला तीस बदल स्वच्छ झाले की संथ गाणं वाजवता येतं. सर्वांत कमी आकडा ज्या जोडीचा, तीच दुसऱ्या दिवशी आधी घ्यायची. येत असलेलंच पुन्हा पुन्हा वाजवण्यात सगळे वेळ घालवतात.

तिसऱ्या आठवड्यापासून गाणं, पण गाता गाता वाजवायची घाई नको. शब्द कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि कॉर्ड शब्दावर नाही, ज्या अक्षरावर बदलते त्या अक्षरावर लिहा. मूळ गाणं लावून त्याच्यासोबत फक्त मापाच्या पहिल्या मात्रेला एक झटका मारा, बाकी हात हवेत. मग ठेका पूर्ण वाजवत शब्द नुसते बोला, कवितेसारखे, लयीत. ते जमलं की 'ला ला'वर चाल. शब्द आणि चाल एकत्र शेवटी. जे थेट शेवटच्या पायरीवर येतात त्यांचा उजवा हात शब्दांच्या मागे धावू लागतो, प्रत्येक अक्षराला एक झटका. असं होताना दिसलं की एक पायरी मागे या. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं ॲप) मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून सुरू करा आणि सलग तीनदा न अडखळता झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढेही चार-चार ठोक्यांनीच वेग वाढवा.

सहाव्या आठवड्यापासून मोठ्याने गायची सवय हवी. फ्लॅटमध्ये शेजारी म्हणून आपण दबक्या आवाजात गातो, आणि तीच सवय कार्यालयात आड येते. शनिवारी सकाळी लवकर तळजाई किंवा वेताळ टेकडीवर गिटार घेऊन जा. उघड्यावर आवाज परत येत नाही, त्यामुळे श्वास किती पुरतो ते नेमकं कळतं. चालायला आलेले लोक क्षणभर थांबतील, त्यांना ऐकू द्या. अनोळखी माणसांसमोर दोन-तीनदा वाजवून झालं की पाहुण्यांची भीती बरीच जाते. चूक झाली तर परत मागे जायचं नाही, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. सरावात दर चुकीला थांबलात तर समारंभातही थांबाल.

पुण्याच्या हवेबद्दल थोडं. पावसाळ्यात तारांना गंज लवकर चढतो, म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार वरून-खालून पुसा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं. कोणत्याही ऋतूत उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवू नका. उष्णतेने ब्रिजचा गोंद सुटतो. नव्या तारा समारंभाच्या चार-पाच दिवस आधी टाका, आदल्या रात्री नाही, कारण नवी तार ताण धरेपर्यंत उतरत राहते. त्या दिवशी गिटार तासभर आधी कार्यालयात नेऊन ठेवा. एसी असेल तर तिथल्या गारव्यात सूर बदलतात. बसायच्या पाच मिनिटं आधी ट्यूनरवर सहाही तारा पुन्हा लावा, आणि कॅपो लावल्यावर परत एकदा तपासा. उभं राहून वाजवणार असाल तर शेवटचे दोन आठवडे पट्टा लावून उभ्यानेच सराव करा, गिटारचा कोन बदलला की बोटं चुकतात. माइक दोन असावेत, एक तोंडाशी आणि एक गिटारच्या भोकाच्या जरा बाजूला, मानेकडे वळवून; अगदी भोकासमोर धरला तर घुमतो. एकच मिळाला तर तो तोंडाशी घ्या.

गाणं सुरू करताना आधी चार मापं नुसता ठेका वाजवा. हात स्थिरावतो, लोक गप्प होतात, आणि तुम्हाला सा मिळतो. मग गा. शेवटी जीची कॉर्ड वरून खाली सावकाश एकदाच ओढा आणि तारांवर उजवा हात टेकवू नका. तो आवाज विरायला पाच-सहा सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ तुमचा उजवा हात आणि डोळे मोकळे असतात. तेव्हा तिच्याकडे बघा.